नाव विद्यापीठाचे, मान्यता नाही : दोशिशा, नारुसे जिन्झो आणि महर्षी कर्वे यांचे महिला विद्यापीठ

प्रस्तावना

१९१६ साली पुण्यात एक विद्यापीठ सुरू झाले. त्याच्यामागे कोणताही कायदा नव्हता, सरकारी अनुदान नव्हते आणि त्याची पदवी सरकारदरबारी पदवी म्हणून गणली जात नव्हती. तरीही धोंडो केशव कर्वे यांनी त्याला ‘विद्यापीठ’ असेच नाव दिले. पंधरा वर्षांपूर्वी, १९०१ साली, तोक्योमध्ये अशाच एका संस्थेने स्वतःस विद्यापीठ म्हणवून घेतले होते. जपानी कायद्याच्या लेखी तीही विद्यापीठ नव्हती. या दोन संस्थांमधील दुवा म्हणजे टपालाने आलेली एक पुस्तिका, ही गोष्ट कर्वे यांच्या चरित्राच्या वाचकांना परिचित आहे. परंतु तोक्योची ती संस्था कोणत्या परंपरेतून उभी राहिली, तिचा संस्थापक कोण होता आणि मान्यतेच्या प्रश्नावर त्या परंपरेला काय सोसावे लागले होते, याकडे मराठीत फारसे लक्ष दिले गेलेले नाही. ही परंपरा जपानमधील खासगी ख्रिस्ती शिक्षणसंस्थांची आहे. तिचा प्रारंभ ज्या अमेरिकन मिशनच्या साहाय्याने झाला, तेच मिशन त्याआधी सहा दशके महाराष्ट्रात कार्यरत होते.

क्योतोमधील आरंभ

बॉस्टन येथील अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे त्यांचे ठाणे झाले आणि १८४२ साली तेथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागले. शाळा काढण्यात हे मिशन आघाडीवर होते, पण उच्च शिक्षणाबाबत त्याचे धोरण संकोचाचे राहिले. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारत व सिलोनच्या दौऱ्यावर आले. मिशनचे काम धर्मप्रसाराचे व देशी मंडळ्या उभारण्याचे आहे, इंग्रजी शिकवून नोकरदार तयार करण्याचे नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. १८२३ पासून चालत आलेली जाफन्याची बट्टिकोटा सेमिनरी १८५५ मध्ये बंद झाली, ती याच धोरणापायी. मराठी मिशनमध्येही देशभाषेतील प्राथमिक शाळांवर भर आला व इंग्रजी शिक्षण मागे पडले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हा त्याच्याशी जोडून घेण्याजोगे महाविद्यालय अमेरिकन मिशनजवळ नव्हते. ती जागा स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांच्या संस्थेने घेतली. अहमदनगरला मराठी ख्रिस्ती समाजातील डॉ. भा. पां. हिवाळे यांनी महाविद्यालय काढले, पण त्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले.

जपानमध्ये मात्र याच बोर्डाच्या वाट्याला निराळी परिस्थिती आली. नीजिमा जो हा सामुराई घराण्यातील तरुण १८६४ मध्ये हाकोदाते बंदरातून गुपचूप देशाबाहेर पडला. परदेशगमन त्या वेळी दंडनीय होते. बॉस्टनचे जहाजमालक आल्फियस हार्डी यांनी त्याचा सांभाळ केला. अॅमहर्स्ट महाविद्यालयाची पदवी व अँडोव्हर येथील धर्मशिक्षण पूर्ण करून, ऑक्टोबर १८७४ मध्ये रटलंड येथे भरलेल्या बोर्डाच्या वार्षिक सभेत तो उभा राहिला आणि जपानमध्ये महाविद्यालय काढण्यासाठी पैसे मागितले. सभेतच सुमारे पाच हजार डॉलरची आश्वासने मिळाली. २९ नोव्हेंबर १८७५ रोजी क्योतो येथे दोशिशा इंग्रजी विद्यालय सुरू झाले, तेव्हा विद्यार्थी आठ होते आणि शिक्षक दोन : स्वतः नीजिमा आणि अमेरिकन मिशनरी जेरोम डेव्हिस. दोनच दिवसांनी, १ डिसेंबर रोजी, मुंबईत जॉन विल्सन यांचे निधन झाले. तारखांचा हा योगायोग सोडला तरी दोन्ही संस्थांच्या रचनेतील फरक लक्षणीय आहे.

तत्कालीन तहांनुसार परकीयांना जपानच्या अंतर्भागात जमीन धारण करता येत नव्हती. क्योतोसारख्या शहरात राहण्यासाठीही त्यांना परवानगी लागे. म्हणून जमीन व संस्था नीजिमा आणि त्यांचे सहकारी यामामोतो काकुमा यांच्या नावे झाली आणि डेव्हिस हे कायद्याने त्या जपानी संस्थेचे नोकर ठरले. ‘दोशिशा’ या शब्दाचा अर्थच ‘समान हेतूने एकत्र आलेल्यांची संस्था’ असा आहे. पैसा बॉस्टनचा, मालकी जपानी, अशी ही व्यवस्था होती. ती मिशनने उदारपणे स्वीकारलेली नसून तहांनी लादलेली होती, हे विसरता कामा नये. पुढे तिचे परिणाम दूरगामी ठरले. १८९६ मध्ये दोशिशाच्या विश्वस्तांनी अमेरिकन बोर्डाशी संबंध तोडले. हे त्यांना शक्य झाले, कारण कागदोपत्री संस्था त्यांचीच होती.

मान्यतेची किंमत

नीजिमा यांना विद्यालय नव्हे, विद्यापीठ हवे होते. १८८८ मध्ये त्यांनी तसे जाहीर आवाहन केले, परंतु जानेवारी १८९० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे जे घडले ते कोणत्याही खासगी संस्थेच्या चालकांना ओळखीचे वाटेल. मान्यताप्राप्त शाळांच्या विद्यार्थ्यांना लष्करभरतीतून सवलत मिळे आणि वरच्या सरकारी संस्थांचे दरवाजे त्यांना खुले होत. ती मान्यता मिळावी म्हणून विश्वस्तांनी १८९८ मध्ये संस्थेच्या घटनेतील, ख्रिस्ती धर्माला नैतिक शिक्षणाचा पाया मानणारे कलम सैल केले. त्यावर जपानमध्ये व अमेरिकेत मोठा क्षोभ झाला. विश्वस्तांना पायउतार व्हावे लागले आणि १८९९ मध्ये कलम पूर्ववत झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने क्रमांक १२ चा आदेश काढून मान्यताप्राप्त शाळांमध्ये धर्मशिक्षण व धर्मविधी यांना, ते अभ्यासक्रमाबाहेर असले तरी, बंदी घातली. धर्म ठेवला तर मान्यता जाणार आणि मान्यता राखली तर संस्थेचे प्रयोजनच जाणार, अशा पेचात सर्वच ख्रिस्ती शाळा सापडल्या. अनेकांनी मान्यतेवर पाणी सोडले.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. सरकार केवळ लौकिक शिक्षणाची तपासणी करील, त्यावर अनुदान देईल आणि धर्मशिक्षणाकडे पाहणार नाही, असे ते सूत्र होते. त्यामुळे मिशन महाविद्यालयांना बायबलचे वर्ग चालू ठेवूनही मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहता आले. परंतु या सोयीचे मोल होतेच. अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी हे सर्व विद्यापीठाच्या हाती गेले आणि महाविद्यालय ही परीक्षेची तयारी करून घेणारी शाखा बनली. जपानी ख्रिस्ती संस्थेला मान्यतेसाठी धर्म सोडावा लागे, भारतीय ख्रिस्ती संस्थेला अध्यापनाची स्वायत्तता. यांतील दुसरी किंमत कमी होती, असे निश्चयाने म्हणता येणार नाही.

दोशिशाने १९०३ च्या विशेष विद्यालयांच्या कायद्याचा आधार घेतला. या कायद्याखाली संस्थेला नाव ‘विद्यापीठ’ असे घेता येई, पण दर्जा मात्र विशेष विद्यालयाचाच राही. १९१२ मध्ये दोशिशाने असेच नाव धारण केले. १९१८ च्या विद्यापीठ अधिनियमाने प्रथमच खासगी संस्थांना खरा विद्यापीठाचा दर्जा देऊ केला आणि त्यासाठी मोठ्या कायम निधीची अट घातली. १९२० मध्ये दोशिशा या कायद्याखाली विद्यापीठ झाली. अँग्लिकन रिक्क्योला १९२२ मध्ये, कॅथलिक सोफियाला १९२८ मध्ये आणि मेथॉडिस्टांच्या क्वान्सेई गाकुइनला १९३२ मध्ये हा दर्जा मिळाला. या सर्व संस्था पुरुषांच्या होत्या. स्त्रियांच्या एकाही संस्थेला तो मिळाला नाही.

नारुसे जिन्झो

कर्वे आणि नारुसे यांचे जन्मवर्ष एकच, १८५८. नारुसे जिन्झो यांनी १८७७ मध्ये ओसाका येथे बाप्तिस्मा घेतला, तो अमेरिकन बोर्डाच्या वर्तुळातील जपानी पाळक सावायामा यांच्या हातून. मुलींच्या शाळेत शिक्षक, नंतर निइगाता येथे पाळक, तेथेही मुलींच्या शाळेची स्थापना आणि १८९० पासून सुमारे चार वर्षे अमेरिकेत अध्ययन, असा त्यांचा प्रवास आहे. अमेरिकेत ते अँडोव्हरला, म्हणजे नीजिमा जेथे शिकले होते तेथेच, काही काळ होते. परत आल्यावर १८९६ मध्ये त्यांनी स्त्रीशिक्षणावर ग्रंथ लिहिला. स्त्रीला प्रथम माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि मग राष्ट्राची नागरिक म्हणून शिकवावे, हा त्यातील क्रम प्रसिद्ध आहे. या तिन्हींतील पहिल्या पदामुळे नारुसे त्यांच्या समकालीनांहून वेगळे ठरतात.

त्यांनी विद्यापीठाची कल्पना मांडली ती मात्र मिशनच्या आश्रयाने नव्हे. स्त्रियांना उच्च शिक्षण देणे हेच समाजाला संशयास्पद वाटत असताना त्यावर परधर्माचा शिक्का बसला तर संस्था उभीच राहणार नाही, हे त्यांनी हेरले. त्यांची स्वतःची श्रद्धाही कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत न मावणारी होत गेली होती. उद्योजिका हिरोओका आसाको यांनी पुढाकार घेतला, इतो हिरोबुमी, ओकुमा शिगेनोबू व शिबुसावा एइइची यांच्यासारखे मातब्बर पाठीशी उभे राहिले आणि मित्सुई घराण्याने तोक्योतील मेजिरो येथील जमीन दिली. एप्रिल १९०१ मध्ये गृहशास्त्र, जपानी वाङ्मय व इंग्रजी वाङ्मय या विभागांसह जपान महिला विद्यापीठ सुरू झाले. विभागांचा हा क्रमही बोलका आहे. ‘सुगृहिणी व सुमाता’ हा त्या काळच्या जपानी राज्यकर्त्यांचा आदर्श होता आणि गृहशास्त्राला अग्रस्थान देऊन नारुसे यांनी त्याच्याशी तडजोड केली. १९०४ पासून संस्थेला विशेष विद्यालय म्हणून मान्यता मिळाली. नाव विद्यापीठाचे आणि दर्जा विशेष विद्यालयाचा, ही स्थिती पुढे चव्वेचाळीस वर्षे टिकली.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : नाशिक, मुंबई, पुणे

महाराष्ट्रात स्त्रियांना विद्यापीठाचे दार कायद्याने बंद नव्हते. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. त्या दाराने आत गेलेली आणि त्या विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरलेली कॉर्नेलिया सोराबजी ही नाशिकची. तिचा जन्म १८६६ मध्ये येथे झाला. वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी कुळातून ख्रिस्ती झालेले व चर्च मिशनरी सोसायटीच्या कार्यात असलेले गृहस्थ होते. याच सोसायटीने १८५४ मध्ये नाशिकजवळ शरणपूर वसवले होते. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून उच्च श्रेणीत उत्तीर्ण झाली, परंतु गुणानुक्रमे मिळावयाची इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती ती स्त्री असल्यामुळे तिला नाकारण्यात आली. ती खासगी साहाय्याने ऑक्सफर्डला गेली. मान्यताप्राप्त दार खुले असले तरी त्यातून जाण्यासाठी कोणते घर, कोणती भाषा आणि किती आधार लागतो, हे या उदाहरणावरून दिसते. विधवा, बालविवाहिता, मराठीपलीकडे भाषा न येणारी ब्राह्मण घरातील मुलगी यांच्यासाठी ते दार नव्हतेच.

त्यांच्यासाठी पहिले पाऊल टाकले पंडिता रमाबाईंनी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, त्यालाही बॉस्टनमधील रमाबाई असोसिएशनचे अर्थसाहाय्य होते. बॉस्टनच्या दात्यांनी पंधरा वर्षांच्या अंतराने क्योतोला व मुंबईला, वेगवेगळ्या संस्थांमार्फत, केलेल्या या दोन मदतींची तुलना उद्बोधक आहे. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी. सदन पुण्यास आल्यावर मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, असा गवगवा झाला. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. त्याच वर्षी गोदूबाईंचा पुनर्विवाह प्रा. कर्वे यांच्याशी झाला. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, तो या घटनेच्या छायेत. नारुसे यांनी जे ओळखले तेच कर्वे यांनीही ओळखले होते : संस्थेवरचा समाजाचा विश्वास हेच तिचे पहिले भांडवल. मात्र दोघांत एक फरक आहे. नारुसे ख्रिस्ती परंपरेतून बाहेर येत होते, तर कर्वे त्या परंपरेने सुरू केलेले काम हिंदू समाजाला पटेल अशा रूपात पुढे नेत होते. रमाबाईंच्या कार्याचे ऋण कर्वे यांच्या घरातच वावरत होते.

पुस्तिका आणि विद्यापीठ

जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका कर्वे यांच्या हाती आली, तेव्हा आरंभी त्यांनी ती बाजूस ठेवली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. भाषणाची तयारी करताना त्यांनी ती पुन्हा वाचली आणि भाषणाचा विषयच ठरून गेला. भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे, त्याचे माध्यम मातृभाषा असावे, इंग्रजी हा विषय म्हणून शिकवावा आणि स्त्रियांच्या जीवनाला उपयोगी असे विषय अभ्यासक्रमात यावेत, ही त्यांची मांडणी होती. सरकारची वाट पाहू नये, हाही त्यातील एक भाग होता.

येथे पुस्तिकेचा प्रभाव आणि कर्वे यांची स्वतःची भर वेगळी करून पाहिली पाहिजे. स्त्रियांचे वेगळे विद्यापीठ, गृहशास्त्राचे महत्त्व आणि शासनाबाहेर राहण्याची तयारी या गोष्टी तोक्योशी मिळत्याजुळत्या आहेत. मातृभाषेचा आग्रह मात्र कर्वे यांचा. नारुसे यांना तो धरण्याचे कारणच नव्हते, कारण जपानमध्ये उच्च शिक्षण जपानी भाषेतच होते. जपानमध्ये जे गृहीत होते ते पुण्यात बंड ठरले. पदव्यांची नावेही त्या वृत्तीची साक्ष देतात. बी.ए. ऐवजी ‘गृहीतागमा’ आणि एम.ए. ऐवजी ‘प्रदेयागमा’, अर्थात जी.ए. व पी.ए. ही संस्कृत नावे आज विस्मृतीत गेली आहेत, पण त्या काळी ती नावापुढे लावणाऱ्या स्त्रियांना त्यांचा अर्थ वारंवार समजावून सांगावा लागला असणार.

जून १९१६ मध्ये सिनेटची पहिली बैठक झाली. कुलपती झाले डॉ. भांडारकर, म्हणजे तेवीस वर्षांपूर्वी शारदा सदनातून बाहेर पडलेले तेच भांडारकर. कुलगुरू होते रँग्लर र. पु. परांजपे. भांडारकर स्वतः पूर्वी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. अमान्य विद्यापीठाच्या शीर्षस्थानी मान्य विद्यापीठाचे माजी कुलगुरू बसले होते. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मेजिरोला मित्सुई होते, तसे हिंगण्याला कोणी नव्हते. लहान लहान वर्गण्यांवर काम सुरू झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला लाभले. मराठीबरोबर गुजराती माध्यमही आले. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईस गेले. त्याआधीची काही वर्षे कुलसचिवपद सांभाळत होत्या इरावती कर्वे.

पदवीचे मोल

देणगीने स्थैर्य आले, पण मान्यता आली नाही. या पदवीवर सरकारी नोकरीचा किंवा दुसऱ्या विद्यापीठात पुढे शिकण्याचा भरवसा धरता येत नसे. टीकाकारांना दोन मुद्दे आयते मिळाले होते : देशी भाषेतील शिक्षण उच्च कसे असेल, आणि गृहशास्त्र सक्तीचे असलेली पदवी पुरुषांच्या पदवीच्या तोलाची कशी मानावी? पहिला मुद्दा काळाने निकाली काढला. दुसरा तितका पोकळ नव्हता. बहुसंख्य स्त्रियांचे आयुष्य घरातच जाणार, या गृहीतावर कर्वे यांनी अभ्यासक्रम बेतला आणि त्यामुळे पालकांचा विश्वास मिळवला. पण त्याच गृहीतामुळे, ज्या मुलीला घराबाहेर पडून मिळवावे लागणार होते तिच्या हाती बाजारात कमी किंमत असलेली पदवी पडली. मेजिरोच्या पदवीधर स्त्रियांची अडचण याहून फार वेगळी नव्हती. १९१३ मध्ये तोहोकू शाही विद्यापीठाने तीन स्त्रियांना प्रवेश दिला, पण तो अपवाद होता.

दोन्ही संस्थांची प्रतीक्षा जवळजवळ एकाच वेळी संपली आणि दोन्हींसाठी राज्यव्यवस्था बदलावी लागली. जपानमध्ये महायुद्धोत्तर सुधारणांनंतर, १९४८ मध्ये, स्त्रियांच्या पाच संस्थांना प्रथमच विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यांत जपान महिला विद्यापीठाबरोबर तोक्यो महिला ख्रिस्ती विद्यापीठ, त्सुदा, सेक्रेड हार्ट आणि अमेरिकन बोर्डाच्या स्त्री मिशनऱ्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेले कोबे कॉलेज या संस्था होत्या. नारुसे १९१९ मध्येच निवर्तले होते. मुंबई राज्यात १९४९ मध्ये कायदा झाला आणि १९५१ मध्ये श्रीमती ना. दा. ठाकरसी महिला विद्यापीठ वैधानिक विद्यापीठ म्हणून काम करू लागले. कर्वे त्या वेळी नव्वदी ओलांडून गेले होते. ते हा दिवस पाहू शकले.

१९१६ ची वाट आता उपलब्ध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ अन्वये पदवी देण्याचा अधिकार केवळ कायद्याने स्थापन झालेल्या अथवा अभिमत विद्यापीठांना व संसदेने अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. सनद नसलेले, वर्गणीदारांचे विद्यापीठ आज उभारायचे म्हटले तर ते पहिल्याच पदवीदान समारंभात बेकायदा ठरेल. पुण्यातील अॅडव्हेंटिस्ट पंथाचे स्पायसर महाविद्यालय २०१४ साली विद्यापीठ झाले, तेही महाराष्ट्र विधिमंडळाच्या स्वतंत्र कायद्याने. मराठीतून पदवी देण्याचा जो हट्ट कर्वे यांनी मान्यतेविना चालवला, त्यालाही कायद्याचे अधिष्ठान मिळाले : १९८९ मध्ये विधिमंडळाच्या कायद्याने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिकला आले.